आउटर सिग्नल आवडत असेल तर

आधी एक सांग,
तुझ्याकडे कुठली प्रत आहे?
तडवीच्या दुकानातली असेल तर दुसऱ्या बाजूचं
चौथं गाणं अर्ध्यावर तुटतं
आणि कुणीतरी खोकतं.
तो रशीद तडवी. त्याला पुसू नकोस.
आम्ही सातआठ जण उरलोत,
त्या खोकल्यावरून एकमेकांना ओळखतो.

एकच कॅसेट काढली त्यांनी, सत्त्याऐंशी साली, भुसावळात.
डेस्मंड लोको शेडमधला फिटर,
दोन बोटांनी वाजवायचा.
दुबईहून आलेला सेकंडहँड सिंथ, त्याचा एक सूर
उन्हात चढायचा. रेकॉर्डिंग एप्रिलमध्ये,
म्हणून सगळी कॅसेट किंचित तापलेली आहे.
आणि निर्मला झोपे, टायपिंगच्या क्लासची बाई.
ती गायची नाही, डिक्टेशन द्यायची:
“गाडी आउटरला उभी आहे, स्वल्पविराम,
गाडी आउटरला उभी आहे, पूर्णविराम.”
मागे ठेका म्हणून सहा टाइपरायटर.

आता तू विचारतोस, अजून असं काय ऐकू.

मीही विचारलं होतं,
काउंटरवर कोपर टेकून, दहावी नापास, खिशात बारा रुपये.
तडवी म्हणाला, असं अजून नसतं भो.
ह्याच्या शेजारी कोण राहतं ते सांगतो.
आणि कोऱ्या कॅसेटच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागला.

तो पुठ्ठा आहे माझ्याकडे. त्यात एक विलायती नावही होतं,
शाई पहिली तिथलीच उडाली.
बाकीचं वाचता येतं तेवढं सांगतो,
थोडं माझ्या पदरचं.

पारोळ्याच्या बँडवाल्यांचा कॅसिओ ऐक,
पण वरात निघायच्या आधीचा.
जनरेटर सुरू झाला की पोरगा एकेक बटण दाबून बघतो,
बासरी, व्हायोलिन, हेलिकॉप्टर,
तेवढी दोन मिनिटं.
मग नवरदेव घोड्यावर बसतो आणि सगळं बिघडतं.

पहिलं गाणं आवडत असेल, ते लांबलचक,
तर रात्री दीपनगरला जा.
थर्मलच्या भिंतीला सायकल टेकव
आणि हँडलला दात लाव.
हसतोस काय?
खालचा सूर दातांतूनच कळतो.

निर्मलाबाईंसाठी ऐकत असशील तर मात्र
रावेरला, केळीच्या वॅगनी भरताना
घड मोजणारा जो माणूस होता, तो.
चौसष्टच्या पुढे आकडे सोडून द्यायचा,
नुसता हुं, हुं,
आणि संध्याकाळी हिशेब बरोबर.
(आता वॅगनी नाहीत, ट्रक आहेत. ट्रकवाले मोबाइलवर मोजतात.)

धुळ्याच्या एका मावशीनं
अहिराणी लग्नाची गाणी ड्रम मशीनवर म्हटलीत.
मशीन पुढे जातं, मावशी जात नाही.
मध्येच ऐकू येतं, कुणी म्हणतं, मावशी, ताल.
ती म्हणते, “तुन्हा ताल तू ठेव,
मन्हं गानं मी म्हनस.”
ही मिळाली तर मला एक प्रत कर. माझी पोराच्या मित्रानं नेली.

डेस्मंड पर्थला गेला.
तिकडच्या उन्हात सूर चढतो का,
कळवलं नाही.
तडवीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं.

गेल्या मे महिन्यात निर्मलाबाईंचा नंबर मिळाला.
नाशिकला असतात, मुलीकडे.
काय बोलावं सुचेना, तुझंच विचारलं:
हल्ली काय ऐकता?
म्हणाल्या, काही नाही. दुपारी लिफ्ट.
मग त्यांनीच विचारलं,
वाजते का ती अजून?

मी फोन स्पीकरला धरला.
टेप ताणली गेलीय, त्यांचा आवाज
कुणा दमलेल्या पुरुषासारखा,
गाडी आउटरला
उभी आहे
गाडी

बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत.
मागे कुणाचा तरी कुकर.
मग म्हणाल्या,
“आहेनंतर स्वल्पविराम गेला.”