जनरल शिफ्ट

तू पुण्याला गेलीस त्याला आज सत्तेचाळीस दिवस.
मोजायचे नव्हते, पण दुधाच्या खुणा करायला
कॅलेंडर खाली काढलं, त्यात दिसले.

सकाळी सहाला भट्टी पेटते.
म्हणजे गॅस. मला आपली भट्टीच वाटते.
सूनबाई दवाखान्यातून रात्रपाळी करून येते,
चप्पल काढता काढताच निम्मी झोपलेली.
जोत्या वेर्ण्याला, औषधांची खोकी मोजतो,
शनिवारी चोर्ला चढून येतो, रविवारी उतरून जातो.
मधल्या दिवसांची अन्विता माझी.
उद्यमबागेत बत्तीस वर्षं मी जनरल शिफ्ट मागितली.
"बघू या की, भरमाण्णा," सुपरवायझर म्हणायचा.
आता मिळाली.

वेणीचं सांगतो.
केसाएवढा फरक मी बोटांनी ओळखायचो,
मायक्रोमीटर लावायच्या आधी.
खरे केस हातात आले आणि बोटं
पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरासारखी उभी राहिली.
तीन पेड. डावा वर, मग उजवा, मग
मधला कुठं गेला?
तू फोनमधून ओरडत होतीस,
"अवो, घट्ट धरा की, पोर काय मोडतीय काय!"
तुझ्या मांडीवर वैजूचं बाळ,
मला तुझा एक कान दिसत होता, आणि छताचा पंखा.
रिक्षावाला इस्माईल मामू पहिला आठवडाभर विचारी,
"वाऱ्यात सापडलीस काय गे?"
आता विचारत नाही.

संध्याकाळी कन्नडचा गृहपाठ.
जोत्यानं तिला त्या शाळेत घातली तेव्हा
मी दोन दिवस घरात जेवलो नव्हतो, तुला ठाऊक आहे.
तो नोकरीचं बोलत होता, मी कशाकशाचं.
आता ती वही घेऊन बसते, समोर मी.
इ म्हणजे इली. इली म्हणजे उंदीर, अज्जा.
काय ती गोल गोल अक्षरं!
लेथवरून पोलादाचा कीस सुटतो ना,
वळत, गरम, निळसर,
तसं धरून चाललो तर माझा इ बरा यायला लागला.
चुकलं की "तप्पु" म्हणते आणि कान धरते. माझा.

परवा नाक्यावर रिक्षाची वाट बघत होतो.
वळणावरची पाटी तिनं वाचली, अडखळत, बोट नाचवत:
निधानवागि चलिसि. मुंदे शाले इदे.
म्हणजे काय गे?
"हळू चालवा, पुढे शाळा आहे. एवढंपण येत नाही?"
त्याच वळणावर एका रात्री
डांबराचा डबा घेऊन मी खांबावर चढलो होतो,
नारू खाली शिडी धरून.
तीच पाटी होती की दुसरी, देव जाणे.
आमच्यातल्या कुणी वाचली नव्हती.
मराठीचं माझं म्हणणं आजही तेच आहे, बरं का,
त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही.
पण तिला काही सांगायच्या आत रिक्षा आली.

रात्री ती मध्येच उठते, आईच्या जागी हात फिरवते,
माझी मिशी लागते, पुन्हा झोपते.
मी जागा.
दोन नातवंडं आपण दोघांत वाटून घेतली.
कुणी विचारलं नाही, आपण हो म्हटलं नाही,
नुसत्या पिशव्या भरल्या.
जोत्या एवढा होता तेव्हा मी कुठं होतो गे?
तो झोपल्यावर यायचो, मी झोपेत असताना तो शाळेत.
त्याचा पहिला दात पडल्याचं तू सांगितलंस,
पगाराच्या दिवशी, पैसे मोजता मोजता.
अन्विताचा काल पडला.
माझ्या खिशात आहे, बसच्या तिकिटात गुंडाळून.

बाळ बसायला लागलं की येते म्हणालीस.
ये.
स्टँडवर आम्ही दोघं येतो.
मला आता पाचपेडीही जमते.
बेचाळीस वर्षं बाजूला झोपलो,
तुझ्या केसांत गुंता होतो, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.
आधी चहा पी.
मग माझ्याकडे पाठ करून बस.