माया

शरणपूर रोडला, कवायत मैदानाच्या भिंतीला टेकून
माझं दुकान, आठ बाय दहा.
पाटीवर निकुंभ टेलर्स,
खाली बारीक अक्षरांत: खाकीचे स्पेशालिस्ट.
पंखा वडिलांच्या वेळचा,
मापांची वही त्याच्याही आधीची.

वहीत नावं नाहीत. बक्कल नंबर आहेत.

अकराशे सत्तेचाळीस, कंबर अठ्ठावीस.
हा रतन धात्रक, सिन्नरकडचा,
अनवाणी पाच किलोमीटर पळून भरती झालेला.
टाचेवरचा फोड दाखवायचा
मेडल दाखवावं तसा.
लग्नाच्या वर्षी तीस.
द्वारकेच्या चौकात धूर खात उभा राहिला, चौतीस.
सिंहस्थात रामकुंडावर बंदोबस्त,
पुरी-भाजीची पाकिटं, झोप बाकड्यावर,
पायाला सूज आणि कंबर अडतीस.
मग बेचाळीस.
"पोट माझं नाही रे निकुंभ," म्हणायचा,
"सरकारी आहे. बदली झाली तरी सोबत येतं."

तंदुरुस्तीचा भत्ता महिना अडीचशे.
उसवायचे आणि शिवायचे
मी त्याहून जास्त घेतो.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला मी सांगत नाही:
पोलिसाच्या पँटीला मागच्या शिवणीत
दोन इंच माया सोडतो.
इतरांना एक पुरते.
यांना पुरत नाही, हे वडिलांनी शिकवलं,
का, ते नाही शिकवलं.
ते रात्रपाळीने शिकवलं.
दोन वाजता वडापाव, पाचला चहा,
सकाळी साहेबांचा दौरा,
आणि घरी गेल्यावर पोरगं शाळेत गेलेलं.

वैजयंता पगारे आली होती एकदा,
भद्रकालीची.
तिला खिसा खोल हवा होता.
"कशाला?"
"पित्ताच्या गोळ्या."
पाण्याचा ग्लास पुढे केला तर नको म्हणाली.
ड्युटीवर पाणी प्यायचं नाही, तिचा नियम.
मिरवणुकीत बाईमाणसाने जायचं कुठे?
मी खिसा दीड इंच वाढवला,
पैसे घेतले नाहीत.
त्याने काय होतं, माहीत आहे मला.

तर यंदा मार्गशीर्षात धात्रक आला.
"चार बोटं आत घे."
बावीस वर्षांत पहिल्यांदा आत.
छाती काढून उभा राहिला, "बघ, उतरलो."
टेप लावला. छत्तीस.
तीन महिन्यांत सहा इंच,
आणि मैदानात तर हा दिसला नाही एकदाही.
कॉलरमध्ये मान सैल, विहिरीत पोहरा हलावा तशी.
बोलता बोलता माझा माठ रिकामा केला,
तीन तांबे.

माझ्या धाकट्या भावाचंही असंच सुरू झालेलं.
विचारलं, "घरी मोरीत मुंग्या लागतात का रे?"
हसला.
मग हसायचा थांबला.

मी पँट खुंटीला लावली.
"शिवणार नाही. आधी सिव्हिलला जा, रक्त दे.
कागद दाखव, मग कात्री."
उभ्या आयुष्यात यांनीच मला अडवलेलं,
मुंबई नाक्यावर, हेल्मेटला, पीयूसीला.
त्या दिवशी मी पोलिसाला अडवलं
आणि म्हणालो, कागद दाखवा.

साखर चारशे बारा.
कागद त्याने गल्ल्यावर ठेवला,
चालानाची पावती ठेवावी तसा, उलटा.

आता पहाटे शटर उघडतो तेव्हा दिसतो कधी कधी.
मैदानाला अर्धी फेरी, मग फोन.
फोन संपला की उरलेली अर्धी,
नाहीतर तीही नाही.
डबा आणतो, ज्वारीची भाकरी,
पण बंदोबस्त लागला की डबा गाडीतच राहतो.
पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलंय,
पँट चुण्या पडून कमरेला धरलेली.

काल म्हणालो, "आण, आत घेतो आता.
माया कापून टाकू?"
तो शिवणीवर बोट फिरवत राहिला बराच वेळ.
"राहू दे," म्हणाला, "असू दे थोडी."
वहीत मी छत्तीस पेन्सिलने लिहिलं.

तेवढ्यात वायरलेस खरखरला,
आणि धात्रक पळाला.
म्हणजे, पळाल्यासारखा
निघाला.