बिल्ला

लुईस बेटावर रविवारी
वाऱ्याला दोरीवर एक मोजा सापडत नसे.
आई शनिवारीच चिमटे मोजून ठेवी,
सोमवारपर्यंत पुरेल एवढं पीट चुलीशी रचे,
आणि आमचा कोंबडा डालीखाली.

मी नऊ वर्षांची होते, आणि देव
खिडकीबाहेर उभा असे.
हातात पट्टा नव्हता त्याच्या,
पण आमच्या घरात पट्टा कुठे टांगलाय
हे त्याला माहीत होतं.
याला मी भय म्हणायची.
दुसरा शब्द शिकवलाच नव्हता कुणी.

बाबा विणकर. टॉर्किल मागवाला.
प्रभुभोजनाच्या टेबलापर्यंत
ते तीस वर्षं गेले नाहीत.
मागच्या बाकावरून ते पांढरं कापड बघत राहत,
विणकराच्या नजरेनं:
इतकं लांब, आणि एक धागा चुकलेला नाही.
'मी कुठे बसू तिथे?' आईला म्हणत.
आई उत्तर देत नसे, बटाटे सोलत राही.

त्या ऑगस्टात मात्र ते पंचांसमोर उभे राहिले.
काय विचारलं, काय बोलले, ठाऊक नाही.
परतले ते मुठीत शिशाचा बिल्ला घेऊन,
नखाएवढा, कडा झिजलेला,
उद्या टेबलाशी बसायचा परवाना.
फळीवर, घड्याळाशेजारी ठेवला.
दोनदा उठून पाहिला.

गळाला बांधायला अगदी नेमकं वजन.

एवढंच आलं माझ्या मनात, खरं सांगते.
सांजेला तळ्यावर गेले. दोर टाकला.
विणकराची पोर मी,
गाठ माझी, आणि ती सुटली.
पाण्यावर एक वर्तुळ, मग तेही नाही.

सकाळी बाबांनी फळी चाचपली.
घड्याळ उचललं, ठेवलं.
मग माझ्याकडे पाहिलं. नखांत तळ्याचा काळा चिखल.
टोपी घेतली आणि निघाले.

टेबलाच्या टोकाला पंच फिनले हात पसरून उभे.
'बिल्ला, टॉर्किल?'
'माझ्या हातून हरवला.'
सगळी मंडळी ऐकत होती.
तीस वर्षांनी मिळालेली वस्तू
एका रात्रीत हरवणारा माणूस
मागे वळला, माझ्या बाकाशी आला,
कोट सावरून माझ्या शेजारी बसला.
पुढे एकानं स्तोत्राची ओळ टाकली,
दोनशे गळ्यांनी ती
लाटेनं गोटे ओढावेत तशी ओढून नेली.
बाबा गात होते.
मला तोंड उघडता येईना.

रात्री मी पट्ट्याची वाट पाहत बसले.
वाटलं, एकदा बसू दे, म्हणजे सुटले.
सोमवार उजाडल्यावर त्यांनी मला मागापाशी बोलावलं,
दोर घेतला हातात.
'हे बघ, अशी. आधी ओली करायची,
मग ओढायची.'
तीनदा करून दाखवलं, चौथ्यांदा माझ्याकडून करवून घेतली.
बस्स.

तेव्हा मी भ्याले.
पट्टा खुंटीवरच होता. त्याची नाही भ्याले.
भ्याले त्या बोटांची,
ज्यांच्यावर लोकरीचे चिरे होते,
जी माझं नाव गिळून मोकळी झाली होती.
त्यांना पुन्हा काही लागेल माझ्याकडून,
याची.

पुढच्या ऑगस्टात बाबा टेबलाशी बसले.
भाकर घेताना त्यांचा हात थरथरला,
एवढा, की शेजारच्यानं ताटली धरली.
मी समजायची, घाबरलेत.
घाबरलेच होते,
घरी आल्यावर रात्री कितीतरी वेळ
उगाचच हसत होते.

आता मी एकाहत्तरची.
बिल्ले गेले, कागदी कार्डं आली,
खिडकीबाहेर कुणी उभं नसतं;
तो घरातच असतो, बहुतेक चुलीजवळ,
आणि मी आवाज न करता दार लावते,
झोपलेल्याची मोड नको म्हणून नव्हे,
जागा आहे म्हणून.

सगळं कळलंय असं नाही.
शनिवारी कार्ड घ्यायला जाते
तेव्हा वाट तळ्यावरून.
तिथे पाऊल आपोआप हळू पडतं.
खाली चिखलात कुठेतरी तो आहे,
कडा झिजलेला,
माझ्या सुटलेल्या गाठीसकट.