वासी उत्तरायण

तीन वर्षांमागे, चौदा जानेवारीला,
दुपारी साडेतीनला श्रीरंग पडला.
फार उंचावरून नाही. पाण्याच्या टाकीवरून
खाली धाब्यावर, माणूसभर.
दोरा बोटातून सुटला नाही
म्हणून आम्ही हसलो.

हे मी मुद्दाम सांगते. आम्ही हसलो,
तोही हसला. कानामागे हात लावून पाहिला,
रक्त नव्हतं. उठला, चहा प्याला,
दोन वाट्या उंधियुं खाल्लं,
भूपतभाईंचा काळा पतंग कापून
'लपेट!' म्हणून ओरडला.

दिवेलागणीला म्हणाला, डोकं जड झालंय.
तिळगूळ हातात धरून तसाच बसला.
एकदा ओकला. सासूबाई म्हणाल्या, उंधियुं बाधलं.
भूपतभाई म्हणाले, दिवसभर ऊन घेतलंय,
ऊंघवा दो. झोपू द्या त्याला.
मी दिवा मालवला.
बाहेर आकाशात तुक्कल चढत होते
आणि आत, हाड आणि मेंदू यांच्यामध्ये,
रक्त बोटबोट जागा धरत होतं.
रात्री दोनला त्याचं घोरणं मला वेगळं वाटलं.
तेवढं माझं. बाकी सगळं उशिरा.

सयाजीतला डॉक्टर पोरगेलासा होता.
किती वाजता पडले? साडेतीन.
त्याने घड्याळाकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं नाही.

आता तो ठणठणीत दिसतो.
सगळे तेच म्हणतात, मुंजीत, बँकेत, जिन्यात.
केस आले, टाके झाकले गेले.
डेअरीचा हिशोब बावीस वर्षं तोंडी करणारा माणूस
दहाची नाणी मोजताना थांबतो.
कुकरची शिट्टी झाली की माझ्यावर ओरडतो,
मग ओरडल्याचं विसरतो.
आठवायचं काम दोघांचं मिळून माझ्याकडे.
परवा त्याला 'खिडकी' सापडेना.
बारी, म्हणाला. बारी लाव.
मी बारी लावली.

गुरुवारी दांडिया बाजारातल्या शाळेत
आम्ही आठ-दहा जण बसतो.
हंसाबेनचा मुलगा, हेल्मेट आरशाला टांगलेलं होतं.
परातीवरून पडलेल्या रंगाऱ्याची बहीण, रुखसाना.
इलाज कुणाकडे नाही.
एका वेळी एकच प्रश्न विचारा, हे मला रुखसानाने सांगितलं.
मी तिला सांगितलं, राग त्याचा नाही, जखमेचा आहे.
त्या दिवशी घरी जाऊन मी स्वतःच
त्याच्यावर ताट आपटलं.

डिसेंबर लागला की ब्लाउजची टेप गळ्यात घालून
मी पोळातले जिने चढते.
कठडा माझ्या कमरेला लागला नाही
तर मुलं खाली, मोठेही खाली.
पोरांच्या स्कूटरांना तारेची कमान लावून घेते,
मांजा गळ्यापर्यंत यायला नको.
'आवी गयां टेपवाळां बेन!' हसतात. हसू देत.

यंदा चिंतन जिन्यावरून गडगडला. अकरा वर्षांचा.
उठून हसत होता. मी हसले नाही.
शेजारी बसले. नाव विचारलं, सकाळी काय खाल्लंस विचारलं.
त्याने मला दोनदा विचारलं, आज काय आहे?
मी त्याच्या आईला म्हटलं, चप्पल घाल.

रात्री परतले तर श्रीरंग खिडकीशी, अंधारात.
कोण पडलं?
चिंतन.
किती वाजता?
तीन पंचावन्न.
दवाखान्यात?
साडेचार.
त्याने ओठ हलवले. अंगठा पेरांवरून फिरला,
चुकला, परत मागे आला.
मी गप्प राहिले, महामुश्किलीने.
पस्तीस मिनिटं, म्हणाला.
बरोबर, मी म्हटलं.

बाहेर फटाके. त्याने कान झाकले.
थोड्या वेळाने हात काढून विचारलं,
कोण पडलं?