किती देती?

वडगावच्या बाजारात आबा म्हशीभोवती
तीन फेऱ्या मारायचे, तोंडातून शब्द नाही.
चौथ्या फेरीला शेपटीचा गोंडा उचलायचे,
जबड्यात अंगठा घालून दात बघायचे,
मग मालकाच्या हातावर टॉवेल टाकून
टॉवेलाखाली बोटं दाबायचे.
मी चारा खाणाऱ्या तोंडाकडं बघत राहायचे.

उजळाईवाडीच्या यार्डात
अमोघ चौगले सनरूफ उघडून दाखवत होता.
मी फेऱ्या मारत होते.
गर्द हिरवी डिस्कव्हरी. वय चौदा, मालक दोन,
मागचं डावं दार उघडताना कण्हतं.
सायेच्या रंगाचं कातडं, ड्रायव्हरच्या बाजूला भेगाळलेलं
कुणाच्या तरी खिशातल्या किल्ल्यांनी.
समोरच्या कप्प्यात शाळेच्या फीची पावती
आणि दगड झालेली खडीसाखर.

"डिपस्टिक," मी म्हणाले.
त्याला वाटलं, बाईंनी शब्द कुठंतरी ऐकलाय.
मी पर्समधून बाटली काढली, नळी काढली,
साठ मिली तेल ओढून घेतलं.

शिरोलीत माझी लॅब आहे. दिवसभर
बिडाचे तुकडे ठिणग्यांनी जळतात
आणि मी कागदावर लिहिते, नापास.
फॉस्फरस एवढासा जास्त : नापास.
फौंड्रीवाले माझ्याकडं पेढे घेऊन येत नाहीत.

रात्री तेल यंत्रात घातलं.
लोखंड एकोणऐंशी. तांबं अकरा.
सिलिकॉन चोवीस, म्हणजे धूळ;
हंगामात उसाच्या गाड्यांमागनं फिरलीय,
फिल्टर कुणी वेळेवर बदलला नाही.
आणि सोडियम. ते इतकं असायला नको होतं.
आत कुठंतरी पाणी तेलाला भेटतंय,
थेंबाथेंबानं, अजून कुणाला कळू न देता.

उद्यमनगरात दस्तगीर मणेरनं कागद वाचला,
उलटा करून परत वाचला.
"ताई, हेड उतरवायला लागणार. आज न्हवं, पण लागणार.
एवढ्यात नवीकोरी पांढरी घ्या की,
पाच वर्षं बॉनेट उघडायचं नाव नको."
"मग मी काय उघडू?"
तो हसला नाही. पाना पुसत राहिला.

खरं सांगायचं तर
राजारामपुरीतनं शिरोलीला नऊ किलोमीटर,
चारी चाकांना एकदम जोर लागावा
असं वाटेत काही नाही. स्पीडब्रेकर आहेत.
चिखलाचं चित्र असलेली घुंडी
मी एकदाच फिरवली, लॅबच्या पार्किंगमध्ये,
वॉचमन जेवायला गेलेला असताना.

बावीस वर्षं स्कूटर चालवली.
डब्याची पिशवी पायाशी, पदर खोचलेला,
ट्रकच्या चाकाची उंची आणि माझ्या कानाची उंची एक.
आता त्याच ट्रकच्या ड्रायव्हरचा चेहरा दिसतो.
दमलेला असतो. एकदा त्यानंच आधी वाट दिली.

ही हवेवर उभी राहते. हवा जुनी झाली,
म्हणून रात्री गल्लीत हळूहळू खाली बसते,
आधी मागचं अंग, मग पुढचं,
पहाटेपर्यंत पोट फरशीला टेकायला आलेलं.
पोरं फोटो काढतात. भाऊजी म्हणतात, फसवलं तुला.
मला कुणी फसवलेलं नाही. कागद माझ्या सहीचा आहे.
लॅबच्या शिक्क्याखाली, नेहमीच्या जागी,
मी त्या रात्री पेन बराच वेळ धरून बसले
आणि ती जागा मोकळी सोडली.

सकाळी किल्ली फिरवते, थांबते.
कंप्रेसर घरघरतो, ती उठते,
आबा म्हणायचे तशी, स्वतःच्या मनानं.

पलीकडचे पिराजीआण्णा गंगावेशीतनं दूध पिऊन
रोज याच वेळी परततात.
मिशीवर फेस तसाच.
आज बंपरवर हात ठेवून उभे राहिले,
पाठीवर ठेवावा तसा.
"किती देती?"
"सहा."
आण्णांनी मान हलवली, विचार केला.
"दोन्ही वक्ताचं मिळून?"