पाठ

ग्रिम्झबीच्या दवाखान्यात एकतीस वर्षं
मी आधी हात हातात घेते, मग भिंग.
हातमोजे त्यानंतर.

मिस्टर ऑझगर्बी, जन्मभर हॅडॉकचे काटे काढलेले,
म्हणाले होते, वास येईल हं, डॉक्टर.
येत होता.
बोटांच्या बेचक्यांत मीठ घर करून होतं
आणि कानाच्या पाळीवर, वाऱ्याच्या बाजूला,
मसुराएवढा एक मोती.
त्यांना वाटलेलं, दाढी करताना कापलं.

मी शिकले त्या पुस्तकांत पुरळ नेहमी लालच.
माझ्या रंगावर ती जांभळट उठते, कधी राखाडी,
हे कुठल्याच पानावर नव्हतं.
इफ्राच्या धाकट्याच्या कोपरावर शिकले,
त्याला खिडकीपाशी नेऊन, दिवे घालवून.

मलम लावा म्हणणं सोपं.
कोण लावणार, ते मी विचारते.
पुष्कळदा उत्तर येत नाही,
खुर्ची तेवढी करकरते.
मग डीअर्ड्रेला सांगते, यांना दर गुरुवारी बोलव.
कागदावर लिहिते : ड्रेसिंग.

आणि महिन्यातून एकदा
पाठ कुणाला तरी दाखवा,
हे तर आता पाठच झालंय मला.

परवा सगळे गेल्यावर
डीअर्ड्रेपुढे मी सदरा वर केला.
ती वाकली. भिंग गार.
बाहेर गोदीवर सीगल कशावरून तरी भांडत होते.
इथे एक आहे, म्हणाली,
कधीपासून?

मी म्हटलं,
मला कसं कळणार.