पासंग

मार्केट यार्डात पोतं चढवण्याआधी
आबा रिकामा काटा बघायचे.
दोन्ही पारड्यांत काहीच नाही,
तरी एक जरा खाली.
मग चिंचोका, एखादा खडा, हळकुंडाचं तुटकं बोंड
हलक्या बाजूला बांधायचे.
"आधी पासंग काढ, पोरी. मग मालाबद्दल बोल."

पतसंस्थेच्या मागच्या खोलीत
आता दोन मशिनं शेजारी शेजारी.
एकावर लिनक्स, एकावर फ्रीबीएसडी.
मंगळवारच्या मीटिंगला संचालकांना
एकच नाव पाहिजे.
परवाना दोन्हीकडे फुकट,
म्हणून त्यांना जरा संशयही आहे.

फुकट नव्हे, उघडं, मी सांगते.
पूर्वी यार्डात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा,
इथं रुमालच नाही.
दोघांचा कोड पानन् पान वाचून घ्या.
(मी वाचलाय का? सगळा नाही.)

जिनपाल चौगुले समडोळीहून येतो, बीएसडीवाला.
म्हणतो, "हँडबुक वाच याचं,
शेजारची काकू वाट सांगते तसं.
तुमच्या लिनक्सचे चुलते किती, पुतणे किती,
कुणाची वाटणी कुणाला,
मोजून दाखव."
मी हसते. चौदा वर्षं मी त्याच एकत्र कुटुंबात आहे.

चाळीस हजार खात्यांचं सहामाही व्याज:
लिनक्स एकोणीस मिनिटं, बीएसडी सव्वीस.
मी आकडे जाड ठशात टाइप केले.
मग चालू हिशेबात प्लग उपटला,
सांगलीत त्यासाठी वेगळा प्रयोग करायला नको, तरी उपटला.
दोघं उठले. त्याचं डिस्क तपासायला थांबलंच नाही.
जिनपालनं टेबलावर थाप मारली.
थांब म्हटलं, हा गुण तू घातलेल्या फाइलसिस्टिमचा,
ती माझ्याकडेही बसते.
थाप मारलेला हात त्यानं खिशात घातला.

पासबुकाचा प्रिंटर माझ्याकडे लगेच खरखरला.
त्याच्याकडे दोन संध्याकाळी गप्प.
मी "नापास" लिहिलं.
मग खोडलं.
कंपनीनं त्याच्यासाठी ड्रायव्हर लिहिलाच नाही,
आमंत्रणच नाही त्याला
पंगतीला आला नाही म्हणून काय बोलायचं?
तरी काउंटरवर उभ्या म्हातारीला पासबुक हवंय,
तिला हे कारण सांगून भागणार नाही.
दोन्ही लिहिलं.

रात्री उशिरा, पंखा बंद केल्यावर,
मी दोन्ही डबे उघडले.
माझ्या लाडक्याच्या पोटात आठ जीबी,
दुसऱ्याच्या पोटात चार.
पट्ट्या मीच बसवल्या होत्या.
मुद्दाम नव्हे.
म्हणजे, अगदीच मुद्दाम नव्हे.

सारखी मेमरी घालून पुन्हा तोललं.
साडेएकवीस. बावीस.
अर्ध्या मिनिटावर मी
एवढी मोठी जाहिरात उभी केली होती.

मंगळवारी कागद दिला.
काउंटरला हे घ्या, प्रिंटरमुळे.
मागच्या सर्व्हरला दोन्हीपैकी कुठलंही,
रात्री दोनला फोन उचलणारा माणूस
ज्यात मुरलाय ते.
चेअरमन म्हणाले, "पण चांगलं कुठलं?"
मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं:
तोलणारी लिनक्सवाली आहे. तेवढं वजा करून वाचावं.

खाली पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात,
जिनपालनं कधी लिहिलं कोण जाणे:
आणि शेजारी बसलेला बीएसडीवाला.

काटा बऱ्यापैकी सरळ उभा होता.